तळटीप क्रमांक सत्तेचाळीस

३ जून, सकाळी
कायदेमंडळाच्या समितीचे पत्र प्राप्त. संशोधन व नवोन्मेष निधी विधेयकावर तज्ज्ञ म्हणून माझे मत हवे आहे. उशिरा का होईना, शहाणपण सुचले. विभागाच्या मागील भिंतीवरील शेवाळाचे माझे संशोधन नवव्या वर्षात पदार्पण करीत आहे. नव्या कायद्याने दीर्घकालीन संशोधनास अभय दिले नाही, तर भिंत उरेल, निधी उरणार नाही. समितीने दोन पाने मागितली आहेत. संकल्प : दोनच पाने.

९ जून
एकोणीस पाने. प्रस्तावना चालू. हिने विचारले, अहो, शेवाळ कुठल्या पानावर येणार? म्हटले, आधी पाया भक्कम हवा. म्हणाली, नऊ वर्षं पायाच चाललाय.

१७ जून, दुपारी
शेजारच्या प्रयोगशाळेतील ड्रोनवाल्याने आपले यंत्र पुन्हा माझ्या भिंतीवर आपटले. तळहाताएवढे शेवाळ, म्हणजे तीन वर्षांची प्रगती, धारातीर्थी. म्हणाला, सॉरी सर, वारा होता.
तत्काळ तळटीप ४७ लिहिली : ज्याने तीन वर्षांत एकही शोधनिबंध प्रसिद्ध केलेला नाही, त्याचा निधी विनाविलंब थांबवावा. याचा एकही निबंध माझ्या वाचनात नाही. अर्थात तो अस्तित्वात नाही.
हिने विचारले, तुमचा शेवटचा निबंध कधीचा? प्रश्न अप्रस्तुत. माझे शेवाळ अद्याप निष्कर्षाप्रत आलेले नाही.

२ जुलै
समितीसमोर साक्ष. वेळ चार मिनिटे. साडेतीन मिनिटे ‘संशोधन’ या संज्ञेची व्याख्या केली, सभागृह स्तब्ध. एक सदस्य डोळे मिटून चिंतनात. अध्यक्षबाई म्हणाल्या, सर, मुद्द्यावर या. म्हटले, मुद्दा उत्तरार्धात आहे. घंटा झाली. एकसष्ट पानांचे निवेदन सुपूर्द केले. बाईंनी ते मागून चाळायला घेतले. व्यासंगी बाई.

२० ऑगस्ट
विधेयक मंजूर. कलम बारा म्हणजे माझी तळटीप, स्वल्पविरामासकट. दीर्घकालीन संशोधनाचा मात्र उल्लेख नाही. नजरचुकीने राहिला असावा. समितीच्या सचिवांचा फोन आला : एकसष्ट पानांत अंमलात आणता येईल असं एवढं एकच वाक्य सापडलं. याहून मोठा गौरव कोणता?
कलम बाराची प्रत ड्रोनवाल्यास सस्नेह पाठवली. तो पेढे खाल्ल्यासारखा चेहरा करून आला. त्याचे अकरा निबंध निघाले. संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे.

५ सप्टेंबर
कलम बारान्वये बंद होणारा पहिला प्रकल्प : माझा. शेवाळ खरवडून भिंत रंगवावी, असा आदेश. हिने चहा आणून ठेवला. त्यात साखर जास्त होती.
शरण जाणार नाही. स्वतःच्या कलमाविरुद्ध अपील करणारा इतिहासातील बहुधा मीच पहिला. अपील दोन पानांचे हवे. प्रस्तावनेची चौदा झाली.

६ सप्टेंबर, सकाळी दहा
रंगारी हजर. अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबण्यास बजावले. त्याने विचारले, काका, अर्ज दिलाय का? म्हटले, प्रस्तावना पूर्णत्वास येत आहे. त्याने शिडी लावली. निदान रंग हिरवा दे, असे ठणकावले. म्हणाला, ऑर्डर पांढऱ्याची आहे, जरा बाजूला उभे राहा, कपड्यांवर उडेल.
बाजूला उभा आहे. माघार घेतलेली नाही.