कासवाचा आवाज

तलवाडा,
११ ऑगस्ट १९९८

प्रिय कौशल्या,

सव्वीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट फोडशील की नाही, माहीत नाही. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच. विषय तुझ्या हरिबादादाचा आहे. दूध सोसायटीने त्याला चोर ठरवून ड्रायव्हरकीवरून काढलं, त्या दिवसाचा.

गेल्या गुरुवारी सोसायटीची जुनी फोक्सवॅगन विकली. पुण्याचा कुणी हौशी माणूस आला, नवी बॅटरी बसवली, पेट्रोल ओतलं आणि सुरू केली. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. तोच आवाज. गिरणीचा पट्टा सैल पडल्यासारखी कोरडी फडफड आणि तिच्या आत बारीक शिट्टी. इंजिन मागे असल्यामुळे ती येताना कमी आणि जाताना जास्त ऐकू येते. ऐकलं. काही वाटलं नाही. ज्वारी निवडून झाल्यावर डब्यात भरली. जूनमध्ये आमचे हे, मोहनराव, गेले, तेव्हाही असंच झालं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीची जीप का उभी राहिली, ते तुला ठाऊक आहे. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना साखराबाईने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "लेकरायला घोटभर न्हाई, आन् ह्या लोखंडाला कावून पाजता?" मग चेअरमन बद्रीनाथरावांनी मुंबईच्या लिलावातून ही आणली. वाऱ्यावर थंड होणारी, पाणी न मागणारी. गाव तिला कासव म्हणायचं. दादा तिच्यातून मुलांच्या दुधाची पावडर खडीच्या कामांवर न्यायचा. आवाज आला की बाया हातोडे टाकून उठायच्या. आपण अंबाजोगाईला कॉलेजात असताना तुझ्या डब्यात माझीही भाकरी बांधून देणारा माणूस तो. सगळ्यांशी तसाच होता.

त्या जुलै महिन्यात भर दुपारी गोदामातून पावडरीची तीन पोती गेली. गोदाम माझ्या शाळेसमोर. पंचांनी मला बोलावलं आणि विचारलं, गाडी सोसायटीचीच होती का. मी म्हणाले, होय, तसा आवाज तालुक्यात दुसरा नाही. एवढंच विचारलं, एवढंच मी सांगितलं. गाडी म्हणजे हरिबा, असं त्यांनी धरलं. दादा म्हणत होता, मी टँकरच्या रांगेत होतो. रांगेतल्या कुणाला ते आठवेना. जाताना तो पंचांना म्हणाला, "सारजाबाई खोटं बोलायच्या न्हाईत. गाडी गेली आसंल. मी नव्हतो तिच्यात." दिवाळीनंतर तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, ते पुढे दरवर्षीच. तुझी पत्रं थांबली. मी मुख्याध्यापिका झाले. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

आता जे लिहायचं ते लिहिते. ती गाडी दोघेच चालवत, दादा आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून आमचे हे. दादा पेट्रोल वाचवायला लवकर गिअर बदलायचा. ह्यांना ते कधी जमलं नाही. शाळेचा कोपरा वळेपर्यंत दुसऱ्यातच ताणत न्यायचे, आणि ती शिट्टी किंकाळीसारखी व्हायची. त्या दुपारी ती तशीच झाली होती. मी फळ्यावर लिहीत होते. वळून बघितलं नाही, कारण बघायची गरज नव्हती. पोती कुठे गेली, ते ह्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही सव्वीस वर्षं एका ताटात जेवलो. पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे. हे सगळं मी चेअरमनना लेखी दिलं आहे, नक्कल सोबत आहे, आणि सभेत स्वतः उभी राहून वाचणार आहे. दादा आला नाही तरी वाचीन. माफी मागायला हे पत्र नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी दादाला ते तुझ्या तोंडून कळावं, एवढ्यासाठी आहे. त्याला सावकाश वाचून दाखव.

तुझीच म्हणू द्यायचं की नाही, ते तू ठरव,
सारजा