आबांचा तिसरा डाव

३ जानेवारी १९९९, रविवार
यंदाचा संकल्प एकच. विंडोज सोडून लिनक्सवर जायचं. मासिकाबरोबर सीडी फुकट आलीच आहे. साताऱ्याच्या ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवतो तिथेही कुणाला लिनक्स येत नाही, म्हणजे रहिमतपुरात मी पहिलाच. पुढे लोक विचारायला घरी येतील. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या जास्त लागतील.

अडचण आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सुभेदार म्हणून रिटायर झाले, सॅपर पलटणीत सुरुंग काढण्यात हयात गेली, आणि आता माझ्या कॉम्प्युटरवर दिवसभर सुरुंगांचाच गेम. चौकोन दाबायचा, आकडा येतो, त्यावरून शेजारी किती सुरुंग ते ओळखायचं. सोप्या आणि मधल्या डावाचा रेकॉर्ड आबांचा, तिथे इंग्रजीत त्यांचं नाव, 'आकाराम', लिहून येतं. तिसरा, मोठा डाव अजून सुटलेला नाही. तिथे कंपनीने घातलेलं 'अनामिक' आणि ९९९ सेकंद. मशीन मोकळं कधी होणार असं विचारलं तर म्हणाले, "तिसरा काढल्याबिगर मी उठायचो न्हाई."

१९ जानेवारी
आबांना मदत केली. त्यांनी पहिलं घर दाबलं, दुसरं मी सुचवलं. फुटलं. माझा विचार बरोबर होता, सुरुंगच चुकीच्या जागी होता. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "पहिलं पाऊल ह्यो गेम माफ करतो. पहिल्या घराला सुरुंग कवाच लागत न्हाई. दुसऱ्यापास्नं डोकं लावायचं असतंय, उदा."

चार वाजता आई चहा आणते. आबा तिला त्या दिवसाचा आकडा सांगतात. तिला वाचता येत नाही, पण आकडे पाठ. मधल्या डावाला एकशे ऐंशी लागले होते हे आज तिनेच मला सांगितलं.

११ फेब्रुवारी
आबा गेले. दुपारी, कॉम्प्युटरसमोरच्या त्यांच्या खुर्चीत. आई चहा घेऊन आली तेव्हा मान कलली होती. तिसरा डाव अर्धा उघडलेला, वरचं घड्याळ ९९९ वर थांबलेलं. त्याच्या पुढे ते जात नाही. डॉक्टर येईपर्यंत मी घड्याळाकडेच बघत होतो. बंद करायचं सुचलं नाही.

१४ फेब्रुवारी
सुतक. क्लासला जायचं नाही, पूजा नाही, दाढी नाही. मन कशात तरी गुंतवायला हवं म्हणून लिनक्स टाकलं. पूर्ण डिस्क वापरू का, असं विचारत होतं. मी अर्धं काम कधी करत नाही. हो म्हटलं. भेटायला आलेल्यांना वाटलं, क्लासचं काही तातडीचं असेल. मी तसं वाटू दिलं.

संध्याकाळी लक्षात आलं की विंडोजबरोबर तो गेमही गेला आणि आबांची नावंही. घाबरण्यासारखं काही नाही. 'वाईन' नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यावर विंडोजचे गेम लिनक्समध्ये चालतात. एका संध्याकाळचं काम. क्रांतीला सांगितलं, तर म्हणाली, सुतकात असलं नाव घरात घेऊ नका. बायकोला तांत्रिक गोष्टी सांगू नयेत. आईला तर सांगायची गरजच नाही.

२० फेब्रुवारी, दहावा
नदीवर पिंड ठेवले. कावळा करंजावर बसला होता, पण खाली येईना. लालासाहेब तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, पुढे झाले. वहिनीला अंतर देणार नाही म्हणाले, बांधाचं भांडण मिटवतो म्हणाले. कावळ्याने पाठ फिरवली. पलटणीतल्या दोस्ताने सॅल्यूट केला. तेही नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले.

मग आई म्हणाली, "उदा, त्येंचा तिसरा डाव ऱ्हायलाय. तू काढतो म्हण."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "आबा, तुमचा तिसरा डाव मी काढीन. त्याच मशीनवर, तुमच्या नावावर."

कावळा सरळ खाली आला. लोकांनी सुस्कारा सोडला. माझे पाय मात्र थंड पडले होते. नदीचं पाणीच गार होतं. आणि कावळ्याचं म्हणाल तर भूक. एवढा वेळ कोण थांबेल?

२ मार्च
वाईन चढत नाही. एक एरर काढली की दोन येतात. चूक माझी नाही, सीडीची असावी.

आज माउसला हात न लावता स्क्रीनवरचा बाण सरकला आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. आबा डाव त्याच कोपऱ्यातून सुरू करायचे. हा माउसच्या सेटिंगचा साधा प्रश्न आहे, मी तो क्लासमध्ये शिकवतो. आई दारात होती. तिने हात जोडले आणि चहाचा कप मशीनशेजारी ठेवला. आबांच्या नावाचा. साय धरेपर्यंत तो तसाच होता. मग मीच प्यायलो, वाया कशाला घालवायचा.

१८ मार्च, पाडवा
गोड केलं नाही. तिसरा निघाल्यावर करू म्हणाली आई. ती स्वतः तर गूळही तोंडात घालत नाही. माणूस अडकून पडलंय आणि मी गोड खाऊ व्हय, असं क्रांतीजवळ बोलली. दोन-तीन दिवसांत होऊन जाईल असं मी सांगितलं.

चार वाजता सीडीचा कप्पा आपोआप बाहेर आला, थोडा थांबला, आत गेला. क्रांती दिवेलागणीनंतर त्या खोलीत येत नाही. खिडकीत कावळा असतो. तोच कावळा, हे म्हणणं अशास्त्रीय आहे. खिडकी मी लावून घेतो ती धुळीमुळे.

४ एप्रिल
चाललं! क्लासमधून फ्लॉपीवर गेम आणला आणि वाईनमध्ये तो उघडला. तालुक्यातला पहिला माणूस मी. आनंदाच्या भरात रेकॉर्डची यादी उघडली. तिन्ही ओळींत अनामिक. तिन्ही ओळींत ९९९.

नावं विंडोजच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, गेमबरोबर येत नाहीत. हे मला माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं. पण ते घड्याळ एकदम तीनदा समोर आलं आणि मला भीती वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. खूप वाटली.

१७ एप्रिल
सोपा डावही सुटत नाही. चिडून स्टुलावरून उठलो की पाठीमागे आबांची खुर्ची करकरते. लाकूड उन्हाळ्यात आकसतं.

आई रोज विचारते, "निघाला का?" जवळ आलाय म्हणतो. ती बारीक दिसायला लागली आहे. माझंही वजन कमी झालंय, पण ते कुणी बघत नाही.

२ मे
तोडगा सापडला. वाईनमधली ती रेकॉर्डची फाइल साधी मजकुराची आहे. उघडायची, हवं ते टाइप करायचं. पहिल्या दोन ओळींत आबांचं नाव परत घातलं, मधल्याला एकशे ऐंशी. ही फसवणूक नव्हे, दुरुस्ती. तिसऱ्यालाही आबाच. वेळ एकशे पन्नास. माणूस गेल्यावर वेग वाढत नसेल असं कुणी सांगावं? उद्या आईला दाखवणार. क्रांतीला श्रीखंड आणायला सांगून ठेवलं.

३ मे
आईला आबांच्या खुर्चीत बसवलं. तिन्ही नावांवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने पदर सावरला आणि विचारलं, तिसऱ्याला किती लागलं? एकशे पन्नास, मी म्हटलं.

तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दुसऱ्यालाच त्यास्नी एकशे ऐंशी लागलं हुतं. ह्यो त्येंचा न्हवं. ज्यो सुरुंग दुसऱ्यानं काढला त्याला त्येंनी पलटणीत कवा आपलं नाव लावून घेतलं न्हाई. आता घेत्याल? पूस त्ये."

मी टेक्निकल बाजू समजावून सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं. उठताना एवढंच विचारलं, "वरची दोन तरी त्येंचीच हायती न्हवं?"

हो म्हणालो.

तिसरं नाव पुसायला मिनिटही लागलं नाही. पुसण्यात माझा हात बसला आहे. मान वर केली तर कावळा खिडकीच्या आतल्या बाजूला बसला होता. खिडकी लावायची राहिली असेल. श्रीखंड कामवालीला दिलं.

५ मे
आजपासून खरोखर खेळायचं. रोज एक तास, शिस्तीत, पावसाळ्याच्या आत तिसरा डाव मोकळा. चार वाजता आईने चहा आणला. या वेळी कप माझ्या हातात दिला आणि मागे उभी राहिली. पाठीमागे आबांची खुर्ची करकरली, आई तर तिला टेकलीही नव्हती.

पहिलं घर दाबलं. सुटलं. दुसऱ्याला फुटला.