झाकण लावलेला कॅमेरा

प्रिय बाबा,

दहाला मीटिंग आहे. तोयोसु स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, पाय ऑफिसकडे वळतच नाहीयेत. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली आणि पत्र आज, तेही अडल्यावर. रागावू नका.

काल इराला म्युझियममध्ये नेलं होतं. तिथे एक जुनं साउंडिंग रॉकेट ठेवलंय, वरच्या हवेची मोजमापं घेऊन परत खाली पडणारं. "चीसाई," इरा जपानीत म्हणाली. म्हणजे एवढंसं! तिच्या आजोबांनी असल्याच रॉकेटांपायी तरुणपण घालवलं, हे मी तिला सांगितलं.

आणि तुमची ती गोष्ट आठवली. संध्याकाळी किनाऱ्यावरून रॉकेट उडायचं, उंचावर सोडियमची वाफ सोडायचं. त्या नारिंगी ढगाचे फोटो दोन ठिकाणांहून घ्यायचे, म्हणजे तिथला वारा कळायचा. त्यातल्या एका ठिकाणी तुम्ही. अख्ख्या गावाने ढग पाहिला, फक्त तुमच्या कॅमेऱ्याने नाही. लेन्सचं झाकण काढायचंच राहिलं होतं.

"शटर अडकलं म्हणाला असता, तर कोण विचारणार होतं?" आई जन्मभर कुरकुरली. खरं सांगितलंत म्हणून पुढच्या उड्डाणाला तुम्हाला नेलं नाही ना! तुम्ही मात्र पाहुण्यांना हे हसत सांगायचात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. स्वतःची फजिती कोणी अशी मिरवतं का?

"अगं, मग त्यांनी शटर दुरुस्तीला पाठवलं असतं," तुम्ही म्हणायचात. "आणि झाकण पुढच्या वेळीही तसंच."

बाबा, माझ्याकडूनही तसंच झालंय. नवं सॉफ्टवेअर चालू करताना चाचणीची एक सेटिंग काढायची राहिली. ग्राहकाचं काम अर्धा दिवस ठप्प. तीन दिवस सगळेजण सर्व्हर तपासताहेत आणि मी गप्प. सर्व्हर सांभाळणारे तानाका-सान साठीला आलेत. आज मीटिंगमध्ये तेच सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागणार आहेत.

माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. पुढे वाढवलं नाही तर व्हिसा, इराची शाळा, सगळंच टांगणीला. तुम्हाला बोलायला काय जातं, तुमची नोकरी पक्की होती!

नाही, हे चुकीचं बोलले. भीती तुम्हालाही वाटली असणार. गोष्टीत तेवढीच कधी सांगितली नाहीत. का हो?

दहाला पंधरा मिनिटं आहेत. निघते. शब्द देते, तानाका-सान खुर्चीतून उठायच्या आत मी उठेन.

तुमची,
मनू