कमानीवरचा गरुड

दीर ब्लाझ म्हणतो घर त्याचं, कारण कमानीवर माझ्या नवऱ्याचं नाव नाही. नाव नाही हे खरं. पण त्या कमानीचे दगड खाणीतून ओढून आणले तेव्हा हा कुठे होता? त्रिएस्तच्या खानावळीत पत्ते कुटत होता. एवढं आधी लिहिते, मग बाकीचं.

मी उर्शा झ्वाब, येर्ने पाथरवटाची विधवा, वय त्रेपन्न, शाळा दोन इयत्ता, राहणार डोल्याने. पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी नाताळपर्यंतचं सांगितलंय. डोकं मात्र जागेवर आहे. ब्लाझने दमदाटी केली, ती मी मनावर घेतलेली नाही. हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने, माझ्या हाताने लिहिते.

१. घर, अंगण आणि पावसाच्या पाण्याचं टाकं माझा एकुलता मुलगा रोक यास द्यावं. तो १९१५ साली व्हिएन्नाच्या बादशहाच्या फौजेत गेला, अजून आलेला नाही.

आमच्याकडे अंगणाच्या कमानीवर मालक आपली अक्षरं आणि साल कोरतो. माझ्या नवऱ्याने सरकारी कचेऱ्यांवर आयुष्यभर बादशहाचे दोन डोक्यांचे गरुड कोरले. स्वतःच्या कमानीवरही तोच बसवला. मी म्हटलं, तुमचं नाव कोरा. तर म्हणाला, "अगं, सहाशे वर्षांचं घराणं आहे. त्यांचं पाखरू दारावर असल्यावर आपल्या घराला कोण हात लावतोय?"

लढाईत जमिनीचे कागद जळाले. रोमच्या नव्या सरकारच्या कारकुनाने कमानीवरची अक्षरं बघून ज्याचं घर त्याच्या नावे लावलं. आमच्या दारात येऊन वर बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे मालक तर देश सोडून गेले." बरोबरचे हसले. ब्लाझही हसला. मग त्याने सांगितलं की घर वडिलांचं, थोरला भाऊ वारला, पुतण्या मेला, उरलो मी.

२. छिन्न्या आणि मोठा हातोडा शेजारच्या टोनेला. टोने, आता तिथे रोकची अक्षरं कोरू नकोस. ताजा काप पांढरा दिसतो, आंधळ्यालाही कळेल. गरुडाचं एक डोकं मी फोडलं, तेवढ्यात दम लागला. नव्या सरकारने नवऱ्याला शेवटच्या वर्षी कचेरीवरचे स्वतःचेच गरुड तासायला लावले होते. तेव्हापासून तो नीट जेवला नाही.

३. माझी लोकरीची शाल टोनेच्या बायकोला. ब्लाझच्या बायकोने मागितली तरी देऊ नये.

४. रोकचं शेवटचं कार्ड माझ्याबरोबर पुरावं. त्यात लिहिलंय, "आई, बूट लहान होतात. झारच्या माणसांनी धरलं आहे. तेही आमच्याइतकेच उपाशी आहेत." पुढे काही नाही. ज्याने नेला त्याचं राज्य गेलं, ज्याने धरला त्याचंही गेलं. व्हिएन्नाला पत्र घातलं. उत्तर आलं, तुम्ही आता आमच्या नाही, रोमला विचारा. रोमने कळवलं, तो आमचा शिपाई नव्हता. तीन राजवाडे आणि माझा एक मुलगा, तो कुणाच्याच वहीत नाही.

५. तो येईल असं मला वाटत नाही. तरी घर त्याचंच. किल्ली पाद्रीबाबांकडे ठेवावी.

साक्षीदार : पाद्री इग्नात्सिय कोमेल (सही)
मारुशा पेर्तोत, सुईण (अंगठा)
उर्शा झ्वाब (सही)
डोल्याने, ३ ऑक्टोबर १९२१

सहीखाली ब्लाझसाठी : तू कचेरीत शपथेवर लिहून दिलंस की रोक मेला. मी सहा वर्षं विचारते आहे, मला कुणी सांगितलं नाही. तुला सांगितलं कुणी? कुठे मेला, कुठल्या दिवशी, कुणी पुरला, पायात बूट होते की नाही? संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, पाद्रीबाबांसमोर येऊन सांग. तोवर मी आहे.