ओहायोकाठचं घर

२८ मार्च
निलेश सकाळी अमेरिकेला गेला. लुइव्हिल. नाव दहादा घोटलं तरी जिभेवर बसेना. कंपनीची बदली. जुलैत बिऱ्हाडासकट जायचं, हा घर बघायला पुढे. मी इथे सिटीवेस्टला, त्याच्या आत्ताच्या परदेशातल्या नोकरीच्या गावी, सूनबाई सायली नि नात इरापाशी. पोचल्याचा फोन येईस्तोवर घोटभर चहा उतरला नाही.

३० मार्च
इराला म्हटलं, त्या गावाचं काय ते वाचून दाखव. अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून सांगितलं पोरीनं. ओहायो नदीच्या दक्षिण काठी. पात्रात खडक नि खळाळ, म्हणून पूर्वी बोटी थांबत, माल उतरे, त्यावरच गाव वसलं. पूल ओलांडला की दुसरं राज्य. मे महिन्यात घोड्यांची शर्यत, बायका मोठाल्या टोप्या घालून जातात. बेसबॉलच्या बॅटी बनतात. मालाची विमानं, दारूच्या पिंपांची गोदामं. ना मुंबईएवढं, ना खेडं. आपल्या सांगलीसारखंच की, असं वाटतंय तोवर ती थबकली. जुन्या काळी पुरात बहुतेक गाव बुडालं होतं. मग भिंत बांधली.
"इट्स ग्रँड, आजी. देअर्स अ वॉल." म्हणजे काळजी नको, भिंत आहे म्हणे.
सांगलीत आमच्या गल्लीतही म्हणायचे, पाणी इथवर येत नाही. २०१९ ला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून नावेत बसले मी.

१ एप्रिल
निलेशनं व्हिडिओवर घर दाखवलं. ओट्यासमोर खिडकी, खिडकीत नदी. सायली हरखली. मी विचारलं, पाणी कुठवर येतं रे?
"आई, तुला प्रत्येक नदी कृष्णाच वाटते."
सगळे हसले. मीही.
म्हटलं, मग रीत तरी पाळ. नव्या नदीकाठी राहायचं तर आधी तिची ओटी भरावी. खरं तर सवाष्णीचं काम, पण सायली इथे, तूच भर. खण कुठून आणू म्हणाला. खण राहू दे, नारळ नि मूठभर तांदूळ पुरे. बरं म्हणाला. आईचं मन राखतो, गुणी आहे.

३ एप्रिल
तिकडे धो धो पाऊस. सायलीनं माझ्यापासून लपवलं, इरा बोलून गेली. नदीकाठचे रस्ते बंद करताहेत म्हणे.

४ एप्रिल
दुपारी त्याचा मेसेज. नारळ घेऊन नदीवर चाललोय. लगेच फोन केला, बंद. परत केला, बंद. पाऊस कळला तेव्हाच नको म्हणायचं सुचलं नाही मला. सायली खिडकीशी उभी. मागे न वळता म्हणाली, "आई, कशाला सांगितलंत?"
मी परत फोन लावत बसले.
संध्याकाळी फोन आला. पोलिसांनी नदीच्या अलीकडेच अडवलं, फोनची बॅटरी गेलेली. नारळ गाडीतच. रडू कोसळलं मला. मग हळूच म्हणाला, "आई, त्या घराच्या रस्त्यावर पाणी आलंय. विकणारा म्हणतो, असं कधी होत नाही. खरं कसं ओळखायचं?"
लहानपणी ताप भरला की असाच आवाज व्हायचा त्याचा. म्हटलं, विकणाऱ्याला सोड. शेजारी सगळ्यात म्हातारं कोण ते शोध, त्याला विचार.

५ एप्रिल
आज घराचं हो की नाही कळवायचंय. नाही म्हटलं तर जुलैत उतरायचं कुठे? इथलं भाड्याचं घर सोडतो म्हणून सांगून झालंय, सायलीनं नोकरीचा राजीनामाही दिलाय. शेजारची एक म्हातारी सापडली, निलेश तिच्याकडे गेलाय. गेला तो गेलाच.
पोळ्या करता करता सायलीनं गॅस बंद केला. "आई, नकोच जाऊया."
आठवडाभर माझ्या ओठांवर हेच होतं. पण तिचा चेहरा बघून तोंडून निघालं, "आधी ती म्हातारी काय म्हणते ते तरी ऐकू, बाळा." तिनं माझा हात धरला.
निलेशचा फोन अजून नाही.