नांगीतलं मांस

४ मार्च
दगडातल्या खेकड्याच्या जीवाश्माची उजवी नांगी आज फुटली. हातून पडली असं म्हणता येईल, पण तिची फुटायची वेळच झाली होती. आत बारीक, समांतर, गुलाबीसर तंतू. स्नायू! मेलेल्या खेकड्याचं मांस चार दिवसांत सडतं. इथे सडायच्या आधीच त्याचा दगड झाला. असं भाग्य जगात मोजक्यांच्या वाट्याला येतं. बाकीच्यांना कवचाच्या आतून नुसत्या खुणा मिळतात, स्नायू जिथे चिकटलेला असतो तिथल्या. खुणा काय, कोणालाही मिळतात.
संकल्प : महिनाअखेर पेपर पूर्ण.
संध्याकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, मी जाते आहे. कुठे ते विचारणार होतो, पण तेव्हा तंतूंची जाडी मोजत होतो. बरं म्हणालो.

६ मार्च
ही बॅग घेऊन गेली. बहिणीकडेच असणार. बहिणीचे गुडघे दुखतात. ठीकच आहे, मला एकाग्रता मिळेल.
दूध नासलं.

१५ मार्च
पेपरचं शीर्षक ठरलं. शीर्षक म्हणजे अर्धा पेपर. म्युझियमच्या संचालकांनी विचारलं, मायक्रोस्कोपखाली घातलंत का? म्हटलं, डोळ्यांना धडधडीत दिसतंय, त्याला मायक्रोस्कोप कशाला? ते नुसते हसले. जन्म खेकड्यांत गेला की माणसांतलेही ओळखू येतात.

१ एप्रिल
पेपर आता एप्रिलअखेर. मार्च फार लहान महिना.

२ एप्रिल
साडू आले, हिची शिलाई मशीन न्यायला. दारातच म्हणाले, तुम्हाला काही वाटत नाही का हो? नीट विचार केला. खरंच काही वाटत नव्हतं. म्हटलं, खिडकीजवळ जागा झाली, खडकांचे ट्रे मावतील. ते सरळ मशीनकडे वळले. मशीन एकट्याला उचलेना, म्हणून एक बाजू मी धरली. जिना उतरताना त्यांना समजावलं की नांगी उघडणारा स्नायू वेगळा आणि मिटणारा वेगळा. मिटणारा कितीतरी दांडगा. साडू मान हलवत उतरले. विषयात रस आहे त्यांना.

९ एप्रिल
घर शांत. भूक लागत नाही, झोप मात्र बसल्या बसल्या येते. प्रकृती सुधारतेय.
हिला फोन करायचं ठरवलं. आयत्या वेळी गडबड नको म्हणून बोलायचे मुद्दे काढले. सगळे खेकड्याचेच निघाले. फोन उद्या.

२१ एप्रिल
संचालक म्हणतात, परिषदेत बोलायचं तर आधी तपासणी. तुकडा मायक्रोस्कोपवाल्या मॅडमकडे दिला. नुसती औपचारिकता. भाषणासाठी कोट इस्त्रीला टाकला.

५ मे
मॅडमनी समोर बसवून सांगितलं. मांसाचा असा दगड होतो तेव्हा त्यात फॉस्फरस सापडायला हवा. इथे नावालाही नाही. हे साधे कॅल्साइटचे स्फटिक. मांस केव्हाच सडून गेलं होतं, सर. रिकाम्या नांगीत पाणी झिरपत राहिलं आणि हे सावकाश वाढत गेले. वाईट वाटून घेऊ नका.
वाईट वाटायची थोडा वेळ वाट बघितली. वाटलं नाही. पाणी प्यायलो.
उठताना म्हणाल्या, कवचाच्या आतल्या खुणा मात्र फार सुंदर आहेत, त्यांच्यावर लिहा. म्हटलं, त्या सगळ्यांनाच मिळतात.

६ मे
मॅडमचं यंत्र जुनं आहे.

८ मे
परिषदेच्या यादीतून माझं नाव काढलं. संचालकांनी खांद्यावर हात ठेवला. जड हात आहे.

११ मे, रविवार
ही आली. उरलेले कपडे न्यायला येते, असं साडूंनी काल कळवलं होतं. आज स्पष्ट बोलायचं, सरळ ‘राहा’ म्हणायचं, असं सकाळीच ठरवून टाकलं. चहाही मीच केला. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून फॉस्फरसपासून केली. ही सगळं ऐकत बसली. दोन्ही कप गार झाले.
मग म्हणाली, अहो, मी कुठे राहते हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.
म्हटलं, बहिणीकडे.
ही म्हणाली, पहिल्या दिवसापासून खोली घेऊन राहतेय. तुमच्या म्युझियमच्या वाटेवरच. रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जाता. आधी आधी हाक मारायचे. मग नुसता हात करायचे. आता पडदा लावलाय.
बरं म्हणालो.
कपड्यांची पिशवी खालपर्यंत पोहोचवली. ‘राहा’ म्हणायला तसा पुष्कळ वेळ होता.

१२ मे
म्युझियमला जाताना आज मुद्दाम वर बघत गेलो. पडदे बऱ्याच खिडक्यांना आहेत. कुठल्या रंगाचा, ते विचारायचं राहिलं.