शिवूचं अर्धं वाक्य

सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय शिवू,

अक्काचे आशीर्वाद. तब्येत जपत असशील. मी बरी आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेला गेले नाही. पाळण्यात एकटीनं बसायला कसंतरी वाटतं. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, तुझ्या वाटणीचीही.

कॉलेजात मला ग्रंथालयातून माजी विद्यार्थी कक्षात टाकलंय. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचे, विचारपूस करायची, मग नव्या वसतिगृहासाठी देणगी मागायची. चार महिने झाले, माझ्या फोनवर कुणी हो म्हणालं नाही. म्हणून आम्हाला प्रशिक्षण दिलं. आपलेच रेकॉर्ड झालेले फोन ऐकायचे आणि घड्याळ लावून लिहायचं, आपण किती बोललो, समोरचा किती.

माझ्या पहिल्याच फोनमध्ये नऊ मिनिटांतली आठ मीच बोलत होते. शेजारच्या टेबलावरची तेजश्री म्हणाली, "दाक्षायणी मॅडम, त्यांना हॅलो तरी म्हणू द्यायचं की!" सगळे हसले. मीही.

मग शिकवलं, प्रश्न विचारला की मनात दहा अंक मोजायचे. तोवर तोंड उघडायचं नाही.

परवा मैंदर्गीच्या ईश्वरप्पांना फोन लावला. कॉलेजच्या अगदी जुन्या तुकडीतले. "कसे आहात?" विचारलं आणि मोजायला लागले. सहावर ते म्हणाले, "बायको गेली की हो, दिवाळीत." 'वय झालं की चालायचंच' हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

"घर लई गप हाय आता. कुकरच्या शिट्ट्या बी मीच मोजतो." मग जरा घाबरून, "ताई, हाय की न्हाय तुमी?"

"आहे. ऐकतेय."

पाऊण तास ते बोलले. देणगीचं मागायचं मी विसरूनच गेले. संध्याकाळी तो फोन ऐकला, तर माझं बोलणं जेमतेम दीड मिनिट. तेजश्रीनं पाठ थोपटली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कारण मला दुसरा एक फोन आठवला. तो कुठंच रेकॉर्ड झालेला नाही. दोन वर्षांपूर्वी तू हुबळीहून केलेला. मी पोळ्या लाटत होते. "अक्का, मला इथं आता..." एवढंच म्हणालीस, आणि मी सुरू झाले. सगळ्यांच्या संसारात असंच असतं, राजशेखर तापट आहे पण मनानं वाईट नाही, लोकांचा विचार कर. शेवटी तू "बरं" म्हणालीस.

तीन आठवड्यांनी मायाक्का मावशीकडून कळलं, तू त्याचं घर सोडून खोली घेतलीस. मी सगळ्यांना सांगत फिरले, 'शिवूनं मला सख्ख्या बहिणीला कळवलंसुद्धा नाही.'

ते खोटं होतं, शिवू. तू कळवायलाच फोन केला होतास. आणि तुझं वाक्य कुठं जाणार हे मला ठाऊक होतं. ते पुरं झालं असतं तर मला 'ये' म्हणावं लागलं असतं. म्हणून मी बोलत राहिले.

दोन खोल्या आहेत इथं. एक बंदच असते.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला फोन करीन. उचललाच पाहिजेस असं नाही. उचललास तर एवढंच विचारीन, "शिवू, तेव्हा काय म्हणत होतीस?" मग माझा आवाज आला नाही तर फोन कट झाला असं समजू नकोस. मी असेन. अंक मोजणार नाही.

तुझं ऐकायला बसलेली,
अक्का